हातचा कुठे गेला?

नागापूरच्या एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा मनमाड रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ असतो. त्यातही कोपऱ्यावरचा किराणावाला मनातल्या मनात बेरीज करत असतो. सत्तेचाळीस अन् अडतीस. सात आणि आठ पंधरा, हातचा एक... तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक हळूच विचारतं, "शेठ, साखर चव्वेचाळीसला का?" झालं! ट्रकच्या भोंग्यांना दाद न देणारा हातचा त्या एका शब्दाने पळतो.

तोंडी हिशेबातला हातचा आपण मनात पुटपुटत धरून ठेवतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये 'कार्यकारी स्मृती'ची कल्पना मांडली, तिचा एक भाग म्हणजे ही पुटपुट. पुढे १९८२ मध्ये बॅडली आणि पिएर सालामे यांना दिसलं, की आकडे लक्षात ठेवताना नुसता गोंगाट फारसा आड येत नाही, माणसाचं बोलणं मात्र येतं. ते समजायचीही गरज नाही. त्याआधी १९७६ च्या एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवला, तरी लक्षात ठेवलेल्या अक्षरांचा घोळ झालाच.

काही व्यत्यय तर घरचेच. 'तीन अधिक चार बारा' हे चूक म्हणायला आपण जरा जास्त वेळ घेतो, कारण तीन चोक बारा आधीच ओठांवर असतं. पाढे घोकल्याची ही किंमत!

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी, लिहिताना चार आधी. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक'सारखं वाचनही आलं, तेव्हा केवढी थट्टा झाली! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खुलासे करत बसावं लागलं. उपाय पटो न पटो, अडचण खरी होती. जर्मनमध्येही असाच उलटा क्रम आहे. त्या भाषेत शिकणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनातल्या जवळपास निम्म्या चुका या अदलाबदलीशी निगडित असल्याचं २००९ च्या एका अभ्यासात आढळलं.

किराणावाला मात्र पुडीच्या कागदावर ४७ लिहितो, खाली ३८, डोक्यावर बारीकसा हातचा. मग मान वर करतो. "हां, साखरेचं काय म्हणालात?"