मावशी ‘बोलत राहतात’ ते स्पॅनिशमध्ये

१८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली आपली महात्मा फुले मंडई स्पॅनिश व्याकरणालाही चालते. गिऱ्हाईक पुढे सरकलं तरी मावशी बोलतच राहतात. मराठी इथे ‘राहणे’ वापरते, स्पॅनिश ‘सेगिर’, म्हणजे मुळात ‘पाठोपाठ जाणे’: ‘सिगे आब्लांदो’. मुख्य क्रियापद -आंदो किंवा -इएन्दो घेऊन येतं, अगदी आपल्या ‘-त’सारखं. नवशिके तिथे मूळ रूपच ठेवून देतात आणि फसतात.

‘वीस वर्षं भाजी विकत आलेय’ याला ‘येबार’ लागतं, एरवी अर्थ ‘वाहून नेणे’: ‘येबो बेइन्ते आन्योस बेंदिएन्दो’. आपण वर्षांतून चालत येतो, स्पॅनिश लोक वर्षं वाहतात! भाव उतरतच नसेल तर ‘सिगे सिन बाखार’; नकार आला की मात्र मूळ रूपच.

हेतू सांगायला ‘पारा’. ‘बटाटे घ्यायला’ म्हणजे ‘पारा कोम्प्रार पातातास’. (स्पेनमध्ये ‘बटाटा’ म्हटलंत तर हातात रताळं पडेल.) जाण्या-येण्याच्या क्रियापदामागे नुसता ‘आ’ही पुरतो: ‘बोय आ कोम्प्रार’.

कर्ता बदलला की गंमत. मी घासाघीस करतो, भाव उतरावा म्हणून: ‘पारा के बाखे एल प्रेसियो’. हे ‘बाखे’ संभावनार्थी रूप. त्याला सगळे घाबरतात. पण ‘उतरावा’मधला ‘-आवा’ इथे तेच काम करतो आणि तो आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठीही वापरतो.