म्हैसूरच्या जावाचं हँडल

खड्डा आला की हँडलमधून टक असा आवाज येतो, उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक थरथरतं. जुनी जावा किंवा येझदी बाळगणाऱ्याच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच. बहुतेक जण लगेच पाना काढतात आणि वरचा नट आवळतात. आवाज काही दिवस बंद होतो, मग पुन्हा सुरू. माझं ठाम मत आहे की पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. ढिलाई नेमकी कुठे आहे हे आधी बोटांनी शोधावं, कारण या गाडीत ती अनेक ठिकाणी असू शकते आणि सगळीकडची हातांना सारखीच जाणवते.

ही गाडी म्हैसूरची. रुस्तुम आणि फारोख इराणींनी तिथे आयडियल जावा ही कंपनी उभी केली आणि १९६१ पासून यादवगिरीच्या कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. मूळ आराखडा चेक. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मन वाँडररचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून जावा झाली. १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, पुढे रोडकिंग हे मॉडेल आलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर असलेली त्या कारखान्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा पंचविशी ओलांडून गेलेली आहे. तरी म्हैसूरमध्ये आणि आपल्याकडे पुण्या-कोल्हापुरातही या गाड्या जिवापाड सांभाळल्या जातात. म्हणूनच त्यांच्या हँडलबद्दल इतक्या बारकाईने बोलायला हवं.

चेसिसच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक वाटी बसवलेली असते. त्यांत सुटे छर्रे, आणि छर्ऱ्यांवर कोन. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून कोनसेट किंवा बॉल रेसर म्हणतात. चिमटा (पुढचा फोर्क), चाक, हेडलाइट हे सारं या छर्ऱ्यांवर फिरतं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे प्रत्येक छर्रा वर्षानुवर्षं एकाच जागी बसून खड्ड्यांचे हादरे सोसतो. पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं, आणि मग छर्रा वाटीत आपल्यापुरता खळगा पाडतो. असा खळगा पडल्यावर नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. हँडल सरळ आलं की त्या खळग्यात अडकतं, वळवताना किंचित उडी मारतं. शिवाय आवळलेला कोनसेट हळू वेगात गाडीला सरळ चालू देत नाही, ती सापासारखी नागमोडी जाते. ढिल्या हँडलपेक्षा मी याला जास्त भितो.

शोधायची रीत अशी. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनापुढे चेसिसखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. चाकासमोर उकिडवे बसा, चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरा आणि मागेपुढे ओढा. त्याच वेळी दुसऱ्याला खालच्या कोनाच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. टक तिथे जाणवली तर कोनसेट. सांधा गप्प, पण चिमट्याची वरची आणि खालची नळी एकमेकींत हलताहेत, तर चिमट्याचे बुश झिजलेत. दोन्ही ठीक असतील तर चाकाची वरची आणि खालची बाजू धरून डोलवा. एक्सलजवळ खेळ सापडला तर बेअरिंग. आऱ्यांवर पान्याने हलकेच टकटक करा, सैल आरा बद्द वाजतो.

पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलण्याची पद्धत सर्रास वापरतात. ड्रम ब्रेकच्या गाडीवर ती फसवते. ब्रेक प्लेट आपल्या खाचेत सरकते तेव्हाही तसाच आवाज येतो, आणि चांगला कोनसेट उगीच उघडला जातो.

हे सगळं निर्दोष निघालं तर मागे या. मागचं चाक आडवं ओढून पाहा. स्विंग आर्मचे बुश झिजले की वळणावर मागचं चाक आपल्या मनाने किंचित वळतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं हँडलच सैल आहे. टायरमधली हवा तर या सगळ्याआधी तपासायची.

कोनसेट बदलताना वाट्या, कोन आणि छर्रे सगळेच बदलावेत. जुन्या वाटीत नवे छर्रे टाकण्यातून काही साधत नाही. आवळणं मात्र बेताचं: खेळ जाईपर्यंत आणि त्यापुढे नाही. चाक अधांतरी असताना हँडल सरळ ठेवून बोटाने हलका धक्का द्यावा, ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. जुन्या जावाच्या हेडलाइटच्या आवरणात वायरी आणि केबली दाटीने बसलेल्या असतात. त्या ओढल्या गेल्या तरी हँडल जड लागतं, तेव्हा आधी त्या मोकळ्या करून मगच हँडलची परीक्षा घ्यावी.

खरी चाचणी म्हैसूरच्या चामुंडी टेकडीसारख्या उतारावर. ब्रेक लावत वळणं घेताना भार पुढच्या चाकावर येतो, आणि राहिलेली ढिलाई तिथे लपत नाही. नव्या वाट्या चेसिसमध्ये नीट बसायला काहीशे किलोमीटर लागतात, तेव्हा तेवढं चालवून झालं की नट पुन्हा एकदा तपासायचा.