रंग कांडीत नसतो, आचेत उठतो

काचेचे मणी घडवणाऱ्या कारागिराच्या टेबलावर पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या काचेच्या कांड्या रंगांनुसार लावून ठेवलेल्या असतात. त्यातली कोबाल्ट घातलेली निळी कांडी ज्योतीत धरा, वितळवा, निववा. ती निळीच राहते. तिच्या शेजारी मात्र काही मळकट पिवळ्या, फिकट तपकिरी कांड्या असतात. कुणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही इतक्या त्या साध्या दिसतात. त्यांत चांदी विरघळलेली असते. अशा एकाच कांडीतून एक मणी अंबरी निघतो, दुसरा लालभडक, तिसरा जांभळा, चौथा मोरपिशी. वरून काहीही मिसळलेलं नसतं. बदलतं ते तापमान, वेळ आणि ज्योतीतलं ऑक्सिजनचं प्रमाण.

नॅनोतंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे कोट घातलेले संशोधक आणि कोट्यवधींची यंत्रं येतात. पदार्थाच्या कणाचा आकार बदलला की त्याचा रंग बदलतो, हा या विज्ञानाचा पायाभूत धडा. तो इतक्या उघडपणे, डोळ्यांदेखत, काही मिनिटांत घडताना बघायचा असेल तर मण्यांच्या बर्नरसारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

या कामाला जगभर लॅम्पवर्क म्हणतात. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर ते शतकानुशतकं चालत आलं आहे. पूर्वी तेलाच्या दिव्याची ज्योत फुंकून किंवा भात्याने तेज केली जाई. आता टेबलावर बसवलेल्या बर्नरमध्ये प्रोपेन आणि ऑक्सिजन एकत्र जळतात. एका हातात स्टीलची बारीक सळई, तिच्यावर चिकणमाती आणि अ‍ॅल्युमिनाचा वाळलेला लेप. दुसऱ्या हातात काचेची कांडी. कांडीचं टोक लालबुंद होऊन थेंबासारखं लोंबायला लागलं की ते सळईवर टेकवायचं आणि सळई एकसारखी फिरवत काच गुंडाळायची. फिरवणं थांबलं की मणी एका बाजूला ओघळतो. काम संपल्यावर लेप सुटतो, मणी सळईवरून निघतो आणि सळईच्या जागी दोरा ओवायचं भोक राहतं.

चांदीच्या काचेचा मणी असाच गुंडाळतात, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आधी मणी चांगला तापवून पूर्ण मऊ करायचा. या टप्प्यावर तो जवळजवळ बिनरंगी दिसतो. मग तो ज्योतीबाहेर काढायचा आणि फिरवत राहायचा. काचेची लाली हळूहळू उतरते, आतली चमक विझते. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट. चमक पुरती गेली की मणी पुन्हा ज्योतीजवळ न्यायचा, पण मध्यभागी न धरता टोकाच्या सौम्य आचेत, जेमतेम ऊब लागेल इतकाच. काही क्षण काहीच होत नाही. मग कडेने पिवळसर झाक येते, ती अंबरी होते, तांबूस होते. आणखी एकदा निववून आणखी ऊब दिली की जांभळ्याकडे, निळ्याकडे सरकते. हवा तो रंग उठला की त्याच क्षणी थांबायचं. लोभाने अजून थोडी आच दिली तर काच गढूळ होते आणि काळिजाच्या रंगाची दिसू लागते.

आत काय घडतं? कांडीत चांदी असते ती आयनांच्या रूपात, एकेकटी, काचेच्या जाळ्यात विखुरलेली. अशा सुट्या चांदीला रंग नसतो. काचेतच मिसळलेल्या कथिलासारख्या घटकांकडून हे आयन इलेक्ट्रॉन घेतात आणि चांदीचे अणू होतात. तापलेल्या काचेत अणू सहज सरकतात, पण एकत्र येऊन टिकत नाहीत. काच निवू लागली की त्यांचे अगदी छोटे पुंजके जमतात. मध साखरतो तेव्हा आधी चार बारीक कण धरतात आणि मग त्यांच्याभोवती साखर जमत जाते, तसंच इथेही. कण धरायला कमी तापमान लागतं आणि ते वाढायला जास्त. म्हणून आधी निववणं आणि मग ऊब देणं, हा क्रम. न निववता थेट ऊब देत राहिलं तर धरलेले कणच पुरेसे नसतात, मग वाढणार काय?

या कणांची मापं नॅनोमीटरमध्ये सांगावी लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या लहान धातुकणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एकदम, एका लयीत हलू लागतात. प्रकाशाची वारंवारता या लयीशी जुळली की तो प्रकाश शोषला जातो आणि विखुरतो. भौतिकशास्त्रात याला पृष्ठीय प्लाझमॉन अनुनाद म्हणतात. काचेतले चांदीचे बारीक कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. सोन्याचे कण ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून ती काच माणकासारखी लाल दिसते. कण वाढले, त्यांचा आकार बदलला, ते एकमेकांच्या जवळ आले, की हा पट्टा सरकतो आणि त्यासोबत मण्याचा रंगही.

कारागीर हे ज्ञान हाताने वापरत आले. चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आतून दिवा लावला तर लाल. त्याच्या काचेत दहा लाख भागांत सुमारे ३०० भाग चांदी आणि ४० भाग सोनं आहे, तेही ५० ते १०० नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात. सतराव्या शतकात ब्रांडेनबुर्गमध्ये योहान कुंकेलने सोन्याची लाल काच नियमितपणे बनवून दाखवली. भट्टीतून ती बिनरंगी निघे आणि पुन्हा तापवल्यावर लाल होई. १८५७ साली मायकेल फॅरडेने रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात सांगितलं की हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. ते कण त्याला दिसत नव्हते. प्रकाशाचा झोत सोन्याचे असे कण असलेल्या लाल द्रवातून जाताना उजळतो, एवढ्यावरून त्याने ते ओळखलं. हे वाचताना आजही थक्क व्हायला होतं. पुढे रिचर्ड झिग्मोंडीने अतिसूक्ष्मदर्शक तयार करून हे कण मोजण्याच्या टप्प्यात आणले आणि १९२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. दरम्यान १९०८मध्ये गुस्टाव्ह मी याने त्यांच्या रंगांचं गणित मांडलं होतं.

गोष्ट तिथे संपत नाही. मण्यांच्या कांड्यांमधले झगझगीत लाल, नारिंगी आणि पिवळे रंग बहुधा कॅडमियम, गंधक आणि सेलेनियमचे असतात. पारदर्शक लाल कांडी वितळली की फिकट, पिवळट होते आणि निववून ऊब दिली की पुन्हा लाल. इथले कण धातूचे नसून अर्धवाहकाचे असतात. १९८०च्या सुमारास सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव याला हाच प्रश्न पडला होता: एकाच द्रव्याने रंगवलेल्या काचा वेगवेगळ्या रंगांच्या कशा होतात? त्याने कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंश सेल्सियसला, कधी एक तास तर कधी ९६ तास तापवली आणि क्ष-किरणांनी आतले कण मोजले. सर्वांत लहान कण सुमारे दोन नॅनोमीटरचे, सर्वांत मोठे तीसचे. कण जितके लहान, तितका शोषलेला प्रकाश निळ्याकडे सरकलेला. हेच पुंजकण, म्हणजे क्वांटम डॉट. आज दूरचित्रवाणीच्या पडद्यांत वापरले जातात ते. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव, लुईस ब्रुस आणि मुंगी बावेंडी यांना मिळालं. त्यातला एक धागा रंगीत काचेच्या भट्टीतून आलेला आहे, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

आच हे एक साधन, तर ज्योतीची जात हे दुसरं. बर्नरमध्ये ऑक्सिजन भरपूर असेल तर ज्योत निळी, टोकदार, आवाज करणारी असते. तो कमी केला की ज्योत फुगते, तिला पिवळं टोक येतं आणि तिच्यातले न जळलेले वायू काचेच्या पृष्ठभागातला ऑक्सिजन ओढून घेऊ लागतात. शाळेत शिकलेलं क्षपण ते हेच. चांदीच्या काही काचा अशा ज्योतीत थोडाच वेळ धरल्या की पृष्ठभागावर चांदीचा पातळ थर येतो आणि मण्यावर कबुतराच्या मानेवरची झळाळी उतरते. हा थर हाताळण्याने खराब होऊ नये म्हणून अनेक जण त्यावर पारदर्शक काचेचं कवच चढवतात.

तांब्याचं वागणं याहून सोपं आणि आपल्या अधिक जवळचं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर तांबं काचेला फिरोजी करतं. तो हिरावला तर तीच काच विटेसारखी लाल होते. भारतात बनलेले अपारदर्शक विटकरी लाल मणी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या उत्खननात सापडले आहेत आणि असे मणी समुद्रमार्गे आग्नेय आशियापर्यंत गेले. ते सळईवर गुंडाळलेले नसत. वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे तुकडे केले जात. ही नळी ओढायची पद्धत आंध्रातल्या पापनायडूपेटमध्ये टिकून राहिली. लाल रंगासाठी भट्टीतली हवा नेमकी कोंडावी लागते. दोन हजार वर्षांपूर्वी ते जमवणाऱ्या माणसांनी ऑक्सिजनचं नावही ऐकलेलं नव्हतं.

या सगळ्या काचेचा मागोवा घेणारं महत्त्वाचं काम एका मराठी पुरातत्त्वज्ञाने केलं. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांनी भारतातल्या नक्षीदार मण्यांवरही लिहिलं होतं. मण्यासारखी क्षुल्लक वाटणारी वस्तू इतक्या गांभीर्याने हाती घेणाऱ्या या अभ्यासकाचं नाव आज पुरातत्त्वाच्या वर्तुळाबाहेर कितीजणांना माहीत आहे? ते माहीत असायला हवं.

कारागिराच्या चष्म्याबद्दल सांगायलाच हवं. तापलेल्या काचेतला सोडियम ५८९ नॅनोमीटरचा पिवळाधमक प्रकाश फेकतो. त्या झगमगाटात मणी दिसतच नाही. म्हणून निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम असलेल्या काचेचा चष्मा लावतात. तो नेमका तेवढाच पिवळा पट्टा अडवतो आणि ज्योतीमागचा मणी स्वच्छ दिसतो. हीच निओडिमियमची काच मण्यासाठी वापरली तर तो उन्हात फिकट जांभळा आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो. त्यालाही रंग बदलणारी काच म्हणतात, पण हा प्रकार वेगळा: इथे काच तीच राहते, तिच्यावर पडणारा उजेड बदलतो.

घडलेला मणी लगेच थंड होऊ दिला तर तडकतो. म्हणून तो विजेच्या छोट्या भट्टीत ठेवून मऊ काच असेल तर ५०० अंशांच्या आसपास काही वेळ धरतात आणि सावकाश निववतात. बोरोसिलिकेट काचेला याहून जास्त तापमान लागतं, आणि तिचे काही रंग तर या भट्टीतच पुरते उठतात. या दोन काचा एका मण्यात चालत नाहीत. त्यांचं प्रसरण इतकं वेगळं असतं की मणी फुटतो. हे काम शिकायची इच्छा असेल तर खोलीत धूर बाहेर ओढणारा पंखा, योग्य चष्मा आणि गॅसची नीट जोडणी, एवढं झाल्याशिवाय ज्योत पेटवू नका.

आणि मणी विकत घेणाऱ्यांना एक विनंती. चांदीच्या काचेचे कानातले घेताना दोन्ही मण्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही म्हणून ते परत करू नका, की भाव पाडू नका. दोन मण्यांना मिळालेल्या आचेत काही सेकंदांचा फरक पडला तरी आतले कण वेगळे वाढतात. जोडी जवळपास जुळली असेल, तर त्यामागे कारागिराने बाजूला टाकलेले कितीतरी मणी असतात. त्याची किंमत मोजायलाच हवी.