जुना पिकअप खाली घ्यायचाय? आधी हे वाचा 🛻

जुना पिकअप जमिनीलगत बसला की काय दिसतो! पण घाई नको.

या गाड्यांना मागे कमानपाटे असतात. सगळ्यात सोपा जुगाड म्हणजे एक पाटा काढणे. रिकामी गाडी देखणी दिसते, पण माल भरला की एक्सल चासीवर आपटतो.

दुसरी पद्धत ‘फ्लिप’. बऱ्याच पिकअपमध्ये पाटे एक्सलच्या वर बसतात. फ्लिपमध्ये एक्सल पाट्यांच्या वर आणतात, म्हणजे पाट्यांची ताकद तशीच राहते. मात्र एक्सलला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. शॉकअप आखूड लागतात, ब्रेकचे पाईप आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन तपासावा लागतो.

माझी सवय सांगतो: काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेपने चारही बाजू मोजतो आणि खडूने तिथेच आकडे लिहितो. यू-बोल्ट नेहमी नवे. शेवटी व्हील अलाइनमेंट.

आता आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंमी उंच असतो. गल्लीतले त्याहून उभट. पावसाळ्यात मुंबईचा पाणी तुंबणारा अंधेरी सबवे तर आहेच.

आणि कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. म्हणून आधी आरटीओत विचारा, मगच पाना हातात घ्या.

गाडी जपा, हौसही जपा! 🙏