वेगमर्यादा गाडीला कळते कशी, आणि चुकते कुठे

7 जुलै 2024 पासून युरोपीय संघातल्या 27 देशांत नव्याने नोंदणी होणाऱ्या मोटारींमध्ये एक यंत्रणा सक्तीची झाली. तिचं नाव ‘इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स’, थोडक्यात आयएसए. त्या रस्त्यावरची वेगमर्यादा किती हे ओळखायचं आणि चालकाने ती ओलांडली की त्याला जाणवून द्यायचं, हे तिचं काम. बाजारात पहिल्यांदाच येणाऱ्या मॉडेलना हा नियम जुलै 2022 पासूनच लागू होता. दोन वर्षांनी तो सरसकट झाला, तेव्हा चालकांमध्ये मोठी अस्वस्थता पसरली. आता गाडी आपल्या ताब्यात राहणार नाही, ट्रकला ओव्हरटेक करताना ऐनवेळी दम जाणार, चलान थेट घरी येणार, अशा शंका ठिकठिकाणी ऐकू येऊ लागल्या. त्यांपैकी काही निराधार आहेत आणि काही अगदी रास्त आहेत. कोणती कुठली, हे कळायला यंत्रणा आतून समजून घ्यायला हवी.

आपल्याकडच्या वाचकाचा गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. वेग रोखणारं यंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्पीड गव्हर्नर येतो. पिवळ्या पाटीची टॅक्सी 80 च्या वर जात नाही. शाळेची बस, डंपर, टँकर यांची कमाल 60. चालकाने ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी त्या आकड्यापलीकडे सरकत नाही. रस्ता कुठला, पाटी काय म्हणते, याच्याशी गव्हर्नरला देणंघेणं नसतं. त्याला एकच आकडा ठाऊक असतो आणि तो खरोखर गाडी धरून ठेवतो. युरोपातल्या अवजड ट्रकना असा 90 चा लिमिटर कित्येक वर्षांपासून आहे. आयएसए हे त्याहून मुळातच वेगळं प्रकरण आहे. तिचा आकडा रस्त्यागणिक बदलतो, आणि ती गाडी धरून ठेवत नाही.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला, आतल्या आरशाच्या मागे एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. लेनच्या रेषा पाहणारा आणि आपत्कालीन ब्रेकला मदत करणारा बहुतेक वेळा हाच. समोरच्या दृश्यात तो लाल कडेचं वर्तुळ शोधतो आणि आतला आकडा वाचतो. दुसरा स्रोत नकाशा. उपग्रहावरून गाडीला आपली जागा कळते, आणि त्या जागेची वेगमर्यादा गाडीत साठवलेल्या किंवा नेटवरून आलेल्या नकाशात नोंदलेली असते. नियमाने कॅमेरा किंवा नकाशा यांपैकी काहीही चालतं, दोन्हीही चालतात. दोन्ही असतील आणि त्यांचं जमलं नाही, तर कोणावर विश्वास ठेवायचा हे कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं. माझ्या मते सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

नुसता कॅमेरा का पुरत नाही? जर्मनीत गावाच्या वेशीवर एक पिवळी पाटी असते. तिच्यावर फक्त गावाचं नाव लिहिलेलं असतं, आकडा नसतो. पण तिथून पुढे 50 ची मर्यादा सुरू झाली, असा तिचा कायदेशीर अर्थ आहे. माणसाला हे ड्रायव्हिंग शिकतानाच समजतं. कॅमेऱ्याला मात्र ही पिवळी पाटी नुसती दिशा दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्यांपासून वेगळी ओळखावी लागते. काही मर्यादांना अट जोडलेली असते. वर्तुळाखाली छोटी पट्टी असते, ‘रस्ता ओला असताना’ किंवा ‘रात्री 10 ते सकाळी 6’. फ्रान्समध्ये मोटरवेवर कोरड्या हवेत 130 आणि पावसात 110 अशी मर्यादा आहे. म्हणजे पाटीबरोबर घड्याळ आणि आभाळही पाहावं लागतं.

आता मोटरवेवरचा एक प्रसंग जवळून पाहू. तुम्ही मधल्या लेनमध्ये 120 ने निघाला आहात, मर्यादा 130 आहे. उजवीकडून बाहेर पडणारा रस्ता फुटतो. त्या वळणासाठी कडेला 70 ची पाटी लावलेली आहे. ती तुमच्यासाठी नाही, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत ती स्वच्छ दिसते. डॅशबोर्डवर 130 पुसलं जातं आणि 70 उमटतं. आकडा लुकलुकू लागतो, मग बीप सुरू होतो. तुम्ही चूक केलेली नाही, मागून गाड्या वेगाने येत आहेत, आणि गाडी सांगते आहे की तुम्ही मर्यादेच्या 50 वर आहात. नकाशाने हस्तक्षेप केला तर पुढच्या काही क्षणांत 130 परत येतं. नाही तर पुढची पाटी दिसेपर्यंत हा घोळ चालू राहतो. असाच गोंधळ ट्रकच्या मागे होऊ शकतो. तिकडे अवजड वाहनांच्या पाठीवर त्या वाहनाची स्वतःची मर्यादा सांगणारे गोल स्टिकर असतात आणि कॅमेरा ते रस्त्यावरची पाटी समजून वाचू शकतो.

नकाशाचं दुखणं निराळं. तो पाऊस, झाडाच्या फांद्या, चिखल यांनी अडत नाही, पण शिळा होतो. पॅरिसभोवतीच्या पेरिफेरिक या वर्तुळमार्गावरची मर्यादा 1 ऑक्टोबर 2024 पासून 70 वरून 50 वर आली. स्पेनने मे 2021 मध्ये शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांसाठी 30 ची मर्यादा आणली. फ्रान्सने 2018 साली ग्रामीण दुपदरी रस्त्यांवर 90 चे 80 केले, आणि नंतर जिल्ह्यांना काही रस्त्यांवर पुन्हा 90 करायची मुभा दिली. अशा प्रत्येक बदलानंतर जुना नकाशा घेऊन फिरणारी गाडी चुकीचं बोलते. रस्त्याचं काम सुरू असेल आणि तात्पुरत्या पाट्या लागल्या असतील, तर नकाशाला त्यांचा पत्ताच नसतो.

युरोपीय नियमावली हे सगळं गृहीत धरते. मान्यतेच्या चाचणीत यंत्रणेने एकूण अंतराच्या किमान 90 टक्के भागात मर्यादा बरोबर ओळखायला हवी. म्हणजे 100 किलोमीटरच्या प्रवासात 10 किलोमीटर चुकीचा आकडा दाखवूनही ती उत्तीर्ण होऊ शकते. त्या 10 किलोमीटरचे दोन प्रकार असतात. खऱ्यापेक्षा कमी आकडा दिसला तर नियम पाळणाऱ्याला विनाकारण बोलणी बसतात; जास्त दिसला तर नियम मोडूनही गाडी गप्प राहते. दुसऱ्या प्रकारात दंड चालकालाच भरावा लागतो. जबाबदारी शेवटपर्यंत त्याचीच आहे, आणि ‘गाडीने मला 70 दाखवलं’ हा बचाव होऊ शकत नाही.

मर्यादा ओलांडली की गाडी काय करते? नियमात कंपन्यांना चार पर्याय दिले आहेत. पहिला, आधी दिवा लुकलुकणं आणि तरी वेग उतरला नाही तर आवाज. दुसरा, दिव्यानंतर कंपन. तिसरा, ॲक्सिलरेटरचं पेडल पायाला उलट रेटा देतं, म्हणजे दाबताना ते थोडं जड लागतं. चौथा, इंजिनाची ताकद हळूहळू कमी होऊन वेग मर्यादेपर्यंत उतरतो. चारही पर्यायांना एक अट समान आहे: सुचवलेल्या वेगापेक्षा जोरात जायचं चालकाने ठरवलंच, तर यंत्रणेने त्याला अडवायचं नाही. चौथ्या प्रकारच्या गाडीतही पेडल जोराने दाबलं की ताकद परत मिळते.

ओव्हरटेकची भीती त्यामुळे बरीचशी दूर व्हायला हवी. आयएसए अचानक ब्रेक मारत नाही. ‘गाडी एकदम मंदावली’ अशा ज्या हकिगती सांगितल्या जातात, त्यांच्यामागे अनेकदा वेगळीच सोय असते. काही गाड्यांतला क्रूझ कंट्रोल पाटी वाचून किंवा नकाशा पाहून आपला वेग स्वतः बदलतो, आणि तो ब्रेकही लावू शकतो. ती सोय चालकाने स्वतः चालू केलेली असते आणि कायद्याने सक्तीची नाही. मात्र दोघांचा आकडा एकाच कॅमेऱ्यातून येतो, म्हणून दोष आयएसएच्या माथी जातो.

पोलिसांचीही भीती अशीच. वेग ओलांडल्याची खबर आयएसएने पोलिसांना किंवा विमा कंपनीला द्यावी, अशी कोणतीही तरतूद या नियमात नाही. याच नियमावलीने इव्हेंट डेटा रेकॉर्डरही सक्तीचा केला आहे. तो अपघाताच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक अशी माहिती जपतो, आणि लोक या दोन उपकरणांची सरमिसळ करतात. कंपन्या इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांतून काय काय गोळा करतात, हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर आयएसए काढून टाकून मिळणार नाही.

रास्त तक्रार उरते ती आवाजाची. चार पर्यायांत सर्वांत स्वस्त पहिला आहे, आणि बऱ्याच कंपन्यांनी तोच निवडला. बीपमध्ये मोठी उणीव अशी की काय चुकलं हे त्यातून कळत नाही. लेन सुटली, पट्टा निघाला, दार उघडं राहिलं, वेग वाढला, या सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि चालकाची नजर कारण शोधायला रस्त्यावरून डॅशबोर्डवर जाते. त्यात दहातल्या एखाद्या वेळी आकडाच चुकीचा असेल, तर ‘लांडगा आला रे’ची गत होते. खऱ्या इशाऱ्याकडेही मग कोणी लक्ष देत नाही. पेडलच्या रेट्याची गोष्ट वेगळी आहे. ज्या पायाने वेग वाढवला त्याच पायाला तो कळतो, मागच्या सीटवर झोपलेलं मूल जागं होत नाही, आणि डोळे रस्त्यावरच राहतात. नियम करणाऱ्यांनी स्वस्त पर्याय खुला ठेवायला नको होता, असं मला ठामपणे वाटतं.

ही यंत्रणा बंद करता येते. तेही नियमातच आहे. पण गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते. त्यामुळे रेनॉ आणि डाशिया यांनी एक वेगळं बटण दिलं आहे, ते दोनदा दाबलं की चालकाने आधी ठरवून ठेवलेली मांडणी लागू होते. ह्युंदाई आणि किया यांच्या काही गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की आवाज थांबतो. युरोपात भाड्याची गाडी घेणाऱ्याने निघण्यापूर्वी हे बटण कुठे आहे ते काउंटरवर विचारून घ्यावं. चालू गाडीत पडद्यावरच्या मेनूत ते शोधणं हे वेगापेक्षा कमी धोक्याचं नाही.

इतका खटाटोप कशासाठी, तर पुढच्या हिशोबासाठी. गाडी 50 च्या वेगाने आहे आणि समोर कोणी आडवं आलं. चालकाला भान यायला एक सेकंद धरू. तेवढ्यात गाडी जवळजवळ 14 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यावर आणखी सुमारे 14 मीटर लागतात. म्हणजे 28 मीटरवर ती थांबते. वेग 60 असेल, तर त्याच 28 व्या मीटरला गाडी अजून सुमारे 40 च्या वेगाने धावत असते. एक गाडी माणसाच्या पुढ्यात थांबते आणि दुसरी त्याला 40 ने धडकते. फरक फक्त 10 किलोमीटरचा, जो कित्येक चालकांना गुन्हाही वाटत नाही. स्वीडनने 1999 ते 2002 या काळात उमेओ, बुर्लेंगे, लीडशेपिंग आणि लुंड या चार शहरांत सुमारे 5,000 गाड्यांवर अशा यंत्रणांचा प्रयोग केला, तो याच कारणासाठी. आयएसएमुळे टकरी 30 टक्क्यांनी आणि मृत्यू 20 टक्क्यांनी कमी होतील, असा युरोपियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी कौन्सिलचा अंदाज आहे. पण तो चालक यंत्रणा चालू ठेवतील यावर उभा आहे, आणि चुकीचा बीप त्याच पायाला सुरुंग लावतो.

सगळ्यांनी ही सक्ती स्वीकारली असं नाही. ब्रेक्झिटमुळे ग्रेट ब्रिटनमध्ये ती 2024 साली लागू झाली नाही, उत्तर आयर्लंडमध्ये मात्र झाली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2024 साली फक्त इशारा देणाऱ्या यंत्रणेचं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नामंजूर केलं.

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना स्पीड अलर्ट सक्तीचा आहे. 80 ओलांडल्यावर अधूनमधून बीप आणि 120 ओलांडल्यावर सततचा आवाज. त्याला रस्ता ओळखता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना 100 ची परवानगी आहे, तिथे 85 ने कायद्यात राहून जाणाऱ्याला तो टोकतो. बोरघाटात मर्यादा 60 आहे, तिथे 75 ने उतरणाऱ्याला तो अवाक्षर बोलत नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदलेलं आहे. आपल्यालाही रस्ता ओळखणारा इशारा हवा आहे, यात मला शंका नाही.

पण तो आणायचा तर आरंभ गाडीपासून करून चालणार नाही. आपल्याकडे एकाच फलकावर मोटार, बस आणि ट्रकचे तीन वेगवेगळे आकडे असतात. कितीतरी फलक फांद्यांमागे, राजकीय होर्डिंगमागे झाकलेले असतात. आणि एका शहरातून दुसऱ्या शहराकडे जाताना रस्त्याचा मालक राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका असा बदलत जातो. युरोपने 2023 साली सुधारलेल्या निर्देशाद्वारे सदस्य देशांवर वेगमर्यादेची माहिती डिजिटल रूपात टप्प्याटप्प्याने उपलब्ध करून द्यायचं बंधन घातलं. महाराष्ट्राला तेच करता येईल: कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या वाहनाला, किती मर्यादा आणि ती कोणत्या तारखेपासून, याची सर्वांना खुली असलेली एकच नोंदवही. ती तयार करायला एकाही नव्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. द्रुतगती मार्गावर चलान पाठवणारे कॅमेरे लागले आहेत, म्हणजे त्या रस्त्याचे आकडे सरकारदरबारी आधीच जुळवून ठेवलेले आहेत. सुरुवात तिथून करता येईल.