ॲप म्हणतंय ‘प्रेअरी क्लोव्हर’, पण नेमका कोणता? फोनने जात ओळखायची असेल तर हे चार फोटो घ्या

गूगल लेन्स, सीक किंवा आयनॅचरलिस्ट फुलासमोर धरलं की दोन सेकंदांत नाव येतं. पण कधीकधी ॲप अर्धवटच उत्तर देतं. फक्त ‘डेलिआ’ एवढंच सांगतं, पुढची जात सांगत नाही. कधी तर सकाळी एक नाव आणि संध्याकाळी त्याच झाडाचं दुसरंच नाव! असं का होतं, हे समजून घ्यायला उत्तर अमेरिकेतलं प्रेअरी क्लोव्हर हे एकदम बेस्ट उदाहरण आहे. तिकडे शिकायला किंवा नोकरीला असाल तर उन्हाळ्यात हे झाड तुम्हाला दिसूही शकतं.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

प्रेअरी म्हणजे अमेरिका-कॅनडातली मोठमोठी गवताळ मैदानं. नावात क्लोव्हर असलं तरी हे खरं क्लोव्हर नाही. खऱ्या क्लोव्हरच्या पानाला तीन पर्णिका असतात, आपल्या मेथीसारख्या किंवा बरसीम चाऱ्यासारख्या. प्रेअरी क्लोव्हर शेंगांच्याच कुळातलं असलं तरी त्याची प्रजाती वेगळी, तिचं नाव डेलिआ. आणि हो, आपल्या बागेतला डेलिया तो हा नव्हे. मराठीत सर्च केलं तर तोच आधी येईल, म्हणून सांगून ठेवलं.

ॲप नेमकं काय बघतं?

ॲपला झाड दिसत नाही, फक्त फोटो दिसतो. लोकांनी आधी टाकलेले, नाव दिलेले हजारो फोटो बघून ते शिकलेलं असतं. तुमचा फोटो त्यातल्या कशाशी जुळतो आणि तुमच्या परिसरात काय सापडतं, यावरून ते अंदाज बांधतं. आपण फोटो कशाचा काढतो? फुलाचा, तोही वरून. पण डेलिआच्या जाती वेगळ्या ठरतात त्या पानांवरून आणि फुलाच्या खालच्या हिरव्या भागावरून. तो भाग फोटोत नसेल तर ॲप तरी काय करणार? अशा वेळी फक्त ‘डेलिआ’ म्हणून थांबणं हेच प्रामाणिक उत्तर आहे.

चार जाती, चार खुणा

आपण कढीपत्त्याची काडी तोडतो, ती अख्खी काडी म्हणजे एक पान आणि तिच्यावरची छोटी पानं म्हणजे पर्णिका. डेलिआतही तसंच. म्हणून एका काडीवरच्या पर्णिका मोजायच्या.

- जांभळा (डेलिआ पर्पुरिया): पर्णिका 3 ते 7, बहुतेकदा 5. अगदी बारीक, सुईसारख्या, कडा आत वळलेल्या. फुलाखालचा निदलपुंज लवदार.
- पांढरा (डेलिआ कँडिडा): पर्णिका 5 ते 9, सपाट आणि रुंद. निदलपुंजाची नळी गुळगुळीत, केस असलेच तर वरच्या दातांच्या कडेला. जांभळ्याच्या थोडा आधी फुलतो.
- रेशमी (डेलिआ व्हिलोसा): सगळ्या झाडावर मऊ पांढरी लव, लांबून राखाडी दिसतो. पर्णिका बहुतेकदा 11 हून जास्त, फुलं फिकट गुलाबी. वाळूच्या जमिनीत वाढतो.
- पानेरी (डेलिआ फोलिओसा): एका पानावर 20 ते 30 च्या आसपास पर्णिका, लव नाही. फुलं जांभळट. इलिनॉय, टेनेसी आणि अलाबामातल्या खडकाळ, पातळ मातीच्या मोजक्या जागीच सापडतो.

मग रंग बघून काम होत नाही का? जांभळा आणि पांढरा समोर फुललेले असतील तर होतं. पण फोनचा कॅमेरा उन्हात फिकट गुलाबीला पांढरं करून टाकतो. शिवाय डेलिआचं कणीस खालून वर फुलत जातं, फुलांचं एक कडं हळूहळू वर सरकतं. बहर संपला की नुसतं तपकिरी कणीस उरतं. तेव्हा रंग गायब, पानं मात्र अजूनही जागेवर.

नाव चुकलं तर काय बिघडतं?

पानेरी प्रेअरी क्लोव्हर 1991 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या बऱ्याच जातींचं अचूक ठिकाण लपवलं जातं. नकाशावर साधारण 20 किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दिसतं. आता समजा कोणी पानेरीला साधा ‘जांभळा’ समजून टाकलं, तर ठिकाण लपणार नाही. दुर्मिळ झाडाचा अचूक पत्ता सगळ्यांसमोर उघडा! शिवाय हेच फोटो पुढे ॲपला शिकवायला वापरले जातात. म्हणजे आपली चूक उद्या ॲपची चूक बनते. म्हणून दुसऱ्याच्या फोटोवर खात्री नसताना ‘सहमत’ दाबू नका.

हे चार फोटो घ्या

1. पूर्ण झाड: उंची आणि आजूबाजूची जमीन दिसू दे.
2. एक पान: मागे तळहात धरा, पर्णिका मोजता आल्या पाहिजेत. बाजूला नाणं किंवा पट्टी धरली तर रुंदीही कळते. पान तोडायचं नाही.
3. कणीस बाजूने: वरून नको.
4. निदलपुंज जवळून: अगदी चिकटून काढण्यापेक्षा थोडं मागे सरकून 2एक्स झूम करा. स्क्रीनवर टॅप करून फोकस लावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, म्हणजे लव दिसते.

कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फोटोच अपलोड करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, त्यातली ठिकाणाची माहितीही निघून जाते. आयनॅचरलिस्टवर चारही फोटो एकाच नोंदीत टाका. चार वेगळ्या नोंदी केल्या तर उपयोग नाही.

हीच युक्ती आपल्याकडेही चालते. पावसाळ्यानंतर कासच्या पठारावर दिसणारा पिवळा कवला याच शेंगांच्या कुळातला. त्याच्याही अनेक जाती वरून बघितल्या तर सारख्याच वाटतात आणि तिथेही निदलपुंज बघावाच लागतो. तेव्हा पुढच्या वेळी फूल दिसलं की कॅमेरा आधी पानाकडे न्या. आणि ॲपने जात सांगितली नाही तर चिडू नका, त्याला अजून एक फोटो द्या.