अर्ज पोर्टलवर, पारख कोणाची?

बी.ए.एम.एस. होऊन बाहेर पडणाऱ्या तरुण वैद्यांपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात : स्वतःचे चिकित्सालय अथवा नोकरी. दुधनीसारख्या सीमेवरील गावी पहिल्या मार्गास भांडवल आणि धीर दोन्ही लागतात. सबब अनेकजण दुसऱ्या मार्गाकडे वळतात. औषधनिर्मिती कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरावयाचा, पोच म्हणून ई-मेल यावयाचा आणि पुढे मौन, असा त्यांचा अनुभव असतो. अशा अर्जांचा काही उपयोग होतो काय? याचे उत्तर देण्यापूर्वी पोर्टल कोणते काम करू शकते व कोणते नाही, हे पाहणे इष्ट ठरेल.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगविशेष जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान. उमेदवाराची पारख करणाऱ्यालाही हीच साधने उपलब्ध असतात. पोर्टलपाशी मात्र केवळ अनुमान असते, आणि तेही शब्दांवरून. मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकप्रणालीत साठविला जातो आणि पदवी, अनुभव व जाहिरातीतील शब्द यांच्या आधारे त्यांतून निवडक अर्ज वेगळे काढले जातात. उमेदवार ‘रसशास्त्र व भैषज्यकल्पना’ एवढेच लिहितो; कंपनी ‘उत्पादन’, ‘गुणवत्ता नियंत्रण’, ‘शेड्यूल टी’ हे शब्द शोधत असते. दोघांचा अर्थ जवळचा असूनही गाठ पडत नाही. म्हणून अर्जात जाहिरातीचीच परिभाषा असावी, अर्थात जे काम खरोखर येते त्याच्यापुरतीच. छायाचित्ररूपी बायोडाटा प्रणालीस वाचता येईलच असे नाही. तो मजकूरस्वरूपात द्यावा.

शासकीय भरतीत परिस्थिती वेगळी आहे. तेथे अर्हता आणि निवडीचे निकष जाहिरातीतच निश्चित असतात. ऑनलाइन अर्ज हेच अधिकृत द्वार असते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील समुदाय आरोग्य अधिकारी या पदाची संधी महाराष्ट्रात बी.ए.एम.एस. पदवीधरांनाही मिळाली. येथे पोर्टल टाळून चालत नाही.

खासगी क्षेत्रात मात्र आप्तोपदेशाचे बळ मोठे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन येथील २८२ व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय नोकरदारांचा अभ्यास करून १९७४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी व्यक्तिगत परिचयातून मिळाली होती. विशेष म्हणजे निकटच्या स्नेह्यांपेक्षा दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडल्या होत्या. हा अभ्यास पोर्टलपूर्व काळातील व परदेशातील असला, तरी त्यातील तत्त्व आपल्या व्यवसायासही लागू पडावे. महाविद्यालयातील ज्येष्ठ विद्यार्थी, आपल्या चिकित्सालयात नियमित येणारे औषध प्रतिनिधी, कच्च्या वनौषधींचे व्यापारी हे सारे या दूरच्या ओळखीचेच लोक. शिफारस म्हणजे वशिला नव्हे. उमेदवाराचे काम पाहिलेल्या माणसाने दिलेली ती साक्ष होय. पोर्टलवर अर्ज नोंदवून त्याचा क्रमांक अशा व्यक्तीस कळविणे, हा व्यवहार्य मार्ग आहे.

उरते ते प्रत्यक्ष, आणि येथे आपली जबाबदारी सुरू होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि आयुर्वेद पदवीधर त्यास पात्र आहे. २००० साली शेड्यूल टी आल्यापासून उत्तम निर्मितीपद्धतीच्या नोंदींचे महत्त्वही वाढले आहे. परंतु ज्याने भावनेचे खल जवळून पाहिले नाहीत, आसवाचे संधान स्वतः घातले नाही, त्याच्या अर्जातील ओळी कोऱ्याच राहणार. फार्मसीधारकांनी सुटीच्या काळात एकदोन विद्यार्थ्यांना महिनाभर काम दाखवावे व केलेल्या कामाचे नेमके प्रमाणपत्र द्यावे. त्या एका कागदाने अनुमानास आधार मिळतो. आलेल्या अर्जास, नकार असला तरी, दोन ओळींचे उत्तर देण्याचा प्रघातही पाडावा. नकार कळलेला तरुण पुढे जातो, मौनात अडकलेला वाट पाहत राहतो.

ही वाट पाहण्यातच खरी हानी आहे. वर्ष उलटते, घरची निकड वाढते आणि पदवीधर पुण्या-मुंबईतील रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी धरतो. ते कामही सन्मानाचेच. पण द्रव्यगुण आणि कल्पनांचा त्याचा अभ्यास तेथे हळूहळू मागे पडतो. दुधनीच्या मुलास मराठीबरोबर कन्नडही येते. दोन राज्यांत औषधे विकणाऱ्या कंपनीस हा गुण मोलाचा वाटेल. तो अर्जात आवर्जून लिहावा, एवढे तरी आपण त्यास आजच सांगू शकतो.